मास्क सरकत होता, सापडलं एकदाचं!

मागच्या अपडेटमध्ये रडलो होतो ना, की आपल्या घरच्या यू-नेटचा (इमेजमधला ट्यूमर ओळखणारं न्यूरल नेटवर्क) ट्यूमर मास्क, म्हणजे ट्यूमर कुठे आहे त्याची आखणी, जिओजेसन फाइल करून क्यूपाथमध्ये (स्कॅन केलेल्या पॅथॉलॉजी स्लाइड्स बघायचं फुकट, ओपन-सोर्स सॉफ्टवेअर) उघडला की ट्यूमर सोडून कोऱ्या काचेवर जाऊन बसतो, ते काल रात्री दीड वाजता सुटलं.

आधी वाटलं डाउनसॅम्पलने (इमेज किती पट लहान केली त्या आकड्याने) गुणायचं राहिलं. नव्हतं राहिलं. मग नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) रो आधी येते म्हणून एक्स-वायची अदलाबदल झाली असेल, तेही नाही. ओपनस्लाइड या स्लाइड वाचायच्या लायब्ररीत तुकडा मागायच्या रीड-रीजनला लोकेशन कायम लेव्हल शून्यचंच, म्हणजे पूर्ण रिझोल्यूशनचंच द्यावं लागतं, लेव्हल कुठलीही मागा, तेही तीनदा तपासलं. शेवटी वैतागून नुसत्या स्लाइड्स बघत बसलो तर लक्षात आलं की एसव्हीएस फॉरमॅटवाल्या सगळ्या बरोब्बर आहेत, घोळ फक्त एमआरएक्सएस या दुसऱ्या स्कॅनर-फॉरमॅटचा, आणि एका स्लाइडमध्ये सगळे मास्क सारखेच सरकलेत पण दुसऱ्या स्लाइडमध्ये वेगळ्या अंतराने. प्रॉपर्टीज प्रिंट केल्या तर 'ओपनस्लाइड.बाउंड्स-एक्स' समोर 21504! म्हंजे पायथनमध्ये ओपनस्लाइड पूर्ण कॅनव्हास धरतं, आणि क्यूपाथ स्कॅन झालेल्या भागापुरतं कापून त्याचा कोपरा शून्य मानतं. बाउंड्स-एक्स, बाउंड्स-वाय वजा केले, मास्क ग्लँडच्या कडेवर असा चपखल बसला की पाच मिनिटं नुसता झूम करत राहिलो.

आणि मग पोटात गोळा आला. मॉडेलच्या ट्रेनिंगच्या टाइल्स (स्लाइडचे छोटे चौकोनी तुकडे) पण मी क्यूपाथमध्ये हाताने आखलेल्या ॲनोटेशनवरूनच, पायथनने कापलेल्या! तिथे बाउंड्स मिळवायला हवे होते. कोऱ्या टाइल्स टिश्यू-फिल्टरने गुपचूप फेकल्या, त्यामुळे चूक दिसलीच नाही, उरलेल्यांना भलतीच लेबलं. डाइस (मास्क किती जुळतो त्याचा स्कोअर) वर चढत नाही म्हणून दोन आठवडे मी स्टेनला, म्हणजे स्लाइडच्या रंगाला शिव्या देत मॅसेन्को नॉर्मलायझेशन (सगळ्या स्लाइड्सचे रंग सारखे करायची पद्धत) करत बसलो होतो.

पेड सॉफ्टवेअरवाले मित्र म्हणतील, बघ, फुकटात हे असंच. पण स्कॅनरसोबत आलेल्या व्ह्यूअरमध्ये असं काही झालं असतं तर आत डोकावायची सोय तरी होती का?

आता या आठवड्यात स्टारडिस्टने (पेशींची केंद्रकं शोधणारं मॉडेल) केआय-67 (वाढत्या पेशी दाखवणारा मार्कर) मोजायचं ठरलं होतं, ते राहू दे. आधी टाइल्स नव्याने. खरं तर बाउंड्सची बेरीज-वजाबाकीच कशाला, क्यूपाथच्या टाइलएक्सपोर्टरनेच इमेज आणि लेबल दोन्ही काढतो, पिक्सेलला 0.5 मायक्रॉनवर, 512 पिक्सेलच्या... हो, हेच करतो, स्क्रिप्ट लिहायलाच घेतली. एमआरएक्सएस वापरणाऱ्यांनो, तुमच्या जुन्या टाइल्स एकदा उघडून बघा.