जायच्या आधीचा हिशेब

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे लहानपणापासून अंगात मुरलेल्या माणसाला 'गोल्डन पॅराशूट' पचायला जरा जडच जातं. मोठ्या साहेबाने रुजू होतानाच कंपनीकडून लिहून घ्यायचं, की उद्या मालक बदलला आणि मला काढलंत तर इतके इतके पैसे मोजायचे. साखरपुड्याच्या बैठकीतच पोटगी ठरवून टाकावी, तसं.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणून बहुधा चार्ल्स टिलिंगहास्ट यांचं नाव घेतात. १९६१ साली ते अमेरिकेतल्या 'टीडब्ल्यूए'चे प्रमुख झाले. पॅराशूट शोभावं अशी ही विमान कंपनीच! तिचे बहुतांश शेअर हॉवर्ड ह्यूज या लहरी धनाढ्याचे; पण कर्ज देणाऱ्यांनी कारभार त्याच्या हातून काढून घेतलेला. तो परतला तर पहिली कुऱ्हाड आपल्यावर, हे ओळखून टिलिंगहास्टनी पैशांची हमी आधीच पदरात पाडून घेतली. ह्यूज काही परतला नाही. १९६६मध्ये शेअर विकून तो मोकळा झाला, आणि टिलिंगहास्ट पुढे दहा वर्षं कंपनीतच राहिले.

ऐंशीच्या दशकात कंपन्या गिळंकृत करायची लाट आली आणि साहेबलोकांत या छत्र्यांची फॅशनच झाली. १९८४मध्ये अमेरिकी संसदेने चाप लावला: मागच्या पाच वर्षांच्या सरासरी कमाईच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त रक्कम मिळाली, तर त्या सरासरीच्या एका पटीवरच्या सगळ्या रकमेवर २० टक्के जादा कर. मग काय, वकिलांनी करारात २.९९ पट लिहायला सुरुवात केली! काही कंपन्यांनी तर तो करही साहेबाच्या वतीने आपणच भरायचं कबूल केलं. चाप लावायला गेले आणि दरपत्रक छापून आले.

आपल्याकडे कामगारकपात झाली तर कायद्याने भरपाई मिळते, ती वर्षामागे १५ दिवसांचा पगार. २०००-०१ साली सरकारी बँकांच्या व्हीआरएसला, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेला, लोक कौतुकाने 'गोल्डन हँडशेक' म्हणायचे. त्यात वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते. हे 'जे कमी असेल ते' साहेबांच्या करारात कधी दिसायचं नाही.

अर्थात लिहून घेतलेलं हातात पडतंच असंही नाही. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले पराग अग्रवाल ट्विटरचे प्रमुख होते. २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी कंपनी घेतली आणि त्याच दिवशी त्यांना काढलं. 'तुमच्याच गैरवर्तनामुळे काढतोय' म्हटलं की भरपाई टळते, म्हणून कारण तेच दिलं. अग्रवाल आणि तीन सहकारी कोर्टात गेले, मागणी जवळपास १३ कोटी डॉलरची.

मला या रकमांचा फारसा हेवा वाटत नाही. (थोडा वाटतो.) हेवा वाटतो तो, तो प्रश्न विचारता येण्याचा. पहिल्या इंटरव्ह्यूला तुम्ही-आम्ही "काढलंत तर काय द्याल?" असं विचारून बघावं. एचआरच्या बाई गोड हसून म्हणतील, "आम्ही कळवतो तुम्हाला."