मोराचा डोळा मानेवर

आमच्या दिवाणावर एक जुनी चादर असते. तिच्यावरच्या मोराचा डोळा मानेवर आलाय. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. आधी ग्राफवर नक्षी काढायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताणा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो आणि मधून बाणा जातो. एकदा एका कार्डावरचं भोक सरकलं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत दोनशेच्या आसपास चादरी उतरल्या होत्या. सगळ्या सेकंडमध्ये, म्हणजे दोष असलेल्या मालात गेल्या आणि त्यातली एक आमच्याकडे आली.

मी वेबसाइट बनवते आणि त्या चालत्या ठेवते. गिऱ्हाइकं सगळी इथलीच: चादर-टॉवेलवाले, शेंगा चटणीवाले, दोन क्लासेस, होटगी रोडवरचा एक दवाखाना. सगळं वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असण्याचा, वैताग आला तेव्हा मी भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड सर्व्हरकडे वळले. ॲमेझॉनचं मुंबई रीजन (तिथली सर्व्हर केंद्रं) २०१६ साली सुरू झालं. आता मुंबईत सर्व्हर देणारे बरेच आहेत. सोलापूरहून मुंबई चारशे किलोमीटर. अमेरिकेतल्या सर्व्हरला नुसतं जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांहून जास्त लागतात, त्यामानाने हे शेजारघरच.

पण दर गिऱ्हाइकाला नवा सर्व्हर म्हणजे तेच ते काम. ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू, पानं पुरवणारा एनजिनएक्स, पानं बनवणारी पीएचपी, डेटाबेससाठी मारियाडीबी, फायरवॉल, वर्डप्रेस. म्हणून मी एक सर्व्हर नीट लावला आणि त्याची इमेज काढली. इमेज म्हणजे त्या क्षणीची अख्खी डिस्क जशीच्या तशी. तिच्यावरून हवे तेवढे सर्व्हर उठवा, पाच मिनिटांत साइट उभी. अण्णांना समजावून सांगताना मी म्हटलं, "तुमच्या कार्डांच्या माळेसारखं आहे. एकदा पंच केलं की चादरीच चादरी."

अण्णांनी एवढंच विचारलं, "मग तुझी कार्डं तपासालंय कोण?"

मी हसले होते.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, नवी पेठेतल्या एका दुकानदार काकांचा रात्री साडेदहाला फोन आला. "ताई, आमच्या साइटवर चादरी सोडून पत्त्याचा जुगार दिसालाय की!" मी लॅपटॉपवर उघडली, तर साइट ठणठणीत. काकांना म्हटलं, तुमच्या मोबाइलमध्येच काहीतरी असेल. चूक माझी होती. असला मालवेअर माणूस बघून वागतो: गूगलवरून मोबाइलने आलेल्यालाच दुसरीकडे ढकलतो, थेट पत्ता टाकून येणाऱ्याला साळसूद चेहरा दाखवतो. एका फॉर्मच्या प्लगइनचं (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरचं) अपडेट राहिलं होतं, शिरकाव तिथून झाला होता.

मग मी तपासायला म्हणून साइटच्या ॲडमिनमध्ये लॉगिन केलं. ती या गोष्टीतली सगळ्यात महाग क्लिक. घुसलेल्या कोडने लॉगिनचं पानही ताब्यात घेतलं होतं, त्यामुळे पासवर्ड मी माझ्या हाताने त्याला दिला. आणि हा ॲडमिन, हाच पासवर्ड मी इमेजमध्येच भाजून ठेवला होता. अकरा साइट, एकच पासवर्ड. बाकीच्या दहा शोधायलाही त्यांना कष्ट पडले नसावेत. प्रत्येक साइटच्या तळाशी माझ्या साइटची लिंक आणि तिथे "आमची कामे" म्हणून अकराच्या अकरांची यादी, फोटोसकट. सकाळपर्यंत चार साइट गेल्या.

पुढचे तीन दिवस बॅकअपवरून साइट परत उभ्या करण्यात गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चहा आणि शिव्या.

नंतर शांतपणे ती इमेज उघडून बसले. पासवर्ड तर होताच. डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमधले सॉल्ट, म्हणजे लॉगिन सुरक्षित ठेवणारी गुप्त अक्षरं, अकराही ठिकाणी तेच. डेटाबेसचा पासवर्ड तोच. जुन्या मदतनिसाची एसएसएच चावी (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची) अजून आत, त्याने काम सोडून दोन वर्षं झालेली. आणि सर्व्हरची स्वतःची ओळख सांगणारी होस्ट की, तीसुद्धा सगळीकडे एकच. खरं तर ही भानगड होऊ नये म्हणून क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम असतो. नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना, म्हणजे पहिल्या बूटला, तो जुन्या होस्ट की काढून नव्या बनवतो. पण सर्व्हर थोडा लवकर उठावा म्हणून मी तो बंद करून टाकला होता. वाईट याचं वाटतं की मशीन मला सांगत होतं. दर नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना एक ओळ यायची, की ही की तुम्हाला आधीच अमुक अमुक पत्त्यांवरून माहीत आहे. मी दर वेळी न वाचता "येस" टाइप केलं.

आता वर्डप्रेस इमेजमध्ये ठेवतच नाही. इमेजमध्ये फक्त माग: उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती, एनजिनएक्स, पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा), मारियाडीबी, वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं फेल टू बॅन, आपोआप येणारी सुरक्षा अपडेट्स. पासवर्डने एसएसएच बंद, फक्त चावीने. वर्डप्रेस पहिल्या बूटला ताजं उतरतं. सॉल्ट, डेटाबेसचा पासवर्ड, ॲडमिन, सगळं तिथल्या तिथे नवं तयार होतं. साइटला https देणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेटही डोमेन त्या सर्व्हरकडे वळल्यावरच. इमेज काढण्याआधी एक स्क्रिप्ट चालते: होस्ट की, मशीन आयडी, चाव्या, लॉग, कमांडचा इतिहास, सगळं साफ. डॅशबोर्डमधून थीम-प्लगइनच्या फाइली एडिट करायची सोयही बंद केली. एका गिऱ्हाइकाचा पुतण्या त्यावरून अजून रुसलाय.

वेगाचं म्हणाल तर मला महागड्या सर्व्हरपेक्षा एका आकड्याने जास्त शिकवलं. एक जीबी रॅमचा सर्व्हर, आणि पीएचपीच्या प्रोसेस किती असाव्यात तर कुठल्याशा सल्ल्यावरून मी ५० लिहिलेले. एक प्रोसेस साठ एमबी धरली तरी तीन जीबी होतात. गर्दी झाली की रॅम संपायची, लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस हेरून मारायचं, आणि ती नेमकी डेटाबेसची निघायची. पाहुण्याला दिसायचं "डेटाबेसशी संपर्क होत नाही". आता ६ आहेत आणि थोडा स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवरची जागा. बाकी काम पेज कॅशे करतो: एकदा बनलेलं पान एनजिनएक्स तसंच देतो, पीएचपीला उठवतही नाही. फक्त कार्ट, चेकआउट आणि लॉगिन झालेले लोक त्यातून वगळावे लागतात. हे मला एका बाईंच्या कार्टमध्ये दुसऱ्याच कुणाचे बारा टॉवेल दिसले तेव्हा कळलं.

क्लाउडवाल्यांच्या मार्केटप्लेसमधल्या, दुसऱ्यांनी बनवलेल्या तयार इमेज वापरायला माझी ना नाही. बिटनामी या कंपनीच्या वर्डप्रेस इमेजवर मीही सुरुवात केली होती. तिचा पासवर्ड पहिल्या बूटला बनून सिस्टम लॉगमध्ये यायचा, म्हणजे हे शहाणपण तिथे आधीपासून होतं. मला नसलं तरी. फक्त दोन गोष्टी बघा: इमेज कोणी बनवली आणि कधी. इमेज ज्या दिवशी काढली त्या दिवशीच गोठते. वर्षभरापूर्वीच्या इमेजवरून उठवलेला सर्व्हर वर्षभराची भोकं घेऊनच इंटरनेटवर उभा राहतो, अपडेट्स नंतर लागतात. म्हणून दर महिन्याचा पहिला रविवार माझा इमेजचा. पाणी चार दिवसांनी येतं, नेमकं रविवारी आलं तर कामाचा बोऱ्या वाजतो, पण सहसा जमतं.

अण्णा सेवानिवृत्त आहेत, तरी त्या दिवशी शेजारी येऊन बसतात. "काय करालीस?" म्हणून विचारतात. पॅच लावतेय म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली. चुकीचं भोक पडलं की ते कार्डावर कागदाची चिकटी लावून बुजवायचे. आणि आमच्या धंद्यातला पॅच हा शब्दही तिथूनच आलाय, पंच कार्डांना आणि कागदी टेपला लावलेल्या ठिगळावरून. हे ऐकून ते इतके खूश झाले की संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्यांना सांगून आले.

मागच्या रविवारी नवी इमेज झाली. तिच्यावरून दोन चाचणी सर्व्हर उठवले आणि दोन्हीला जोडून पाहिलं. पहिल्याला नेहमीची ओळख पटवणारा प्रश्न आला. दुसऱ्यालाही आला, पण ती "आधीच माहीत आहे"ची ओळ नव्हती. दोघांच्या होस्ट कीचे फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळख) अण्णांना मोठ्याने वाचायला लावले, एकेक अक्षर. वेगळे होते. मग "येस" टाइप केलं.