एक अख्खी फ्रिंज

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. शेजारच्या शेडमधले पॉवर प्रेस बंद असतात, म्हणून माझ्या मोजणीच्या प्रयोगशाळेतली नाजूक मोजणी मी त्याच दिवसासाठी राखून ठेवतो. एरवी प्रेसचा एकेक ठोका पडला की स्क्रीनवरच्या फ्रिंजेस, म्हणजे प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे, पाण्यावरच्या सावलीसारख्या हलतात. त्या गुरुवारी सकाळी एक कोटिंगवाले स्वतः दारात उभे होते. हातात स्टीलची डबी, डबीत टिश्यूमध्ये गुंडाळलेली, लॅप केलेली म्हणजे बारीक घासून सपाट केलेली स्टीलची चकती आणि माझ्या सहीचा रिपोर्ट.

चकतीच्या अर्ध्या भागावर क्रोमचा थर होता. ड्रॉइंगवर 0.4 मायक्रॉन. मी लिहिलं होतं 74 नॅनोमीटर, म्हणजे 0.074 मायक्रॉन. ग्राहकाने तेवढ्यावर लॉट परत केला होता आणि पैसे अडकवले होते.

"साहेब, टार्गेट तेच, करंट तोच, वेळ तोच. मग थर पाचव्या हिश्श्यावर कसा येईल?" टार्गेट म्हणजे ज्या ठोकळ्यातून क्रोमचे कण उडून चकतीवर बसतात तो.

माझा पहिला संशय भलतीकडेच गेला. क्रोम आणि स्टील वेगवेगळे धातू, त्यांच्यावरून परावर्तित होताना प्रकाशाची फेज, म्हणजे लाटेतली त्याची जागा, सारखी बदलत नाही, म्हणून थराच्या कडेची पायरी खोटी दिसू शकते. पण तेवढ्यासाठीच आम्ही दोन्ही बाजूंवर ॲल्युमिनियमचा एकच पातळ थर चढवायला सांगितलं होतं, आणि त्यांनी तो चढवलाही होता. तिथे बोट ठेवायला जागा नव्हती.

चकती पुन्हा लेसरच्या फिझो इंटरफेरोमीटरखाली, म्हणजे फ्रिंजेसवरून उंची मोजणाऱ्या यंत्राखाली, ठेवली. खोली 20 अंशांवर होती, पण हाताची ऊब जाईपर्यंत तासभर तिला शिवलो नाही. मग दहा वेळा मोजलं. दहाही आकडे दोन नॅनोमीटरच्या आत, आणि पुन्हा 74.

या यंत्रात पिझो, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणारा स्फटिक, संदर्भ-काचेला लाटेच्या अंशाअंशाने सरकवतो, कॅमेरा दर टप्प्याला चित्र घेतो आणि त्यावरून प्रत्येक बिंदूची फेज निघते. पृष्ठभाग सलग उतरत असेल तर सॉफ्टवेअर एका फ्रिंजवरून दुसरीवर मोजत जातं. उभी पायरी आली की ते आंधळं होतं. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर. तिच्या चौथ्या भागापेक्षा, म्हणजे 158 नॅनोमीटरपेक्षा, उंच पायरी असली तर मधल्या किती फ्रिंजेस गिळल्या गेल्या हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

हे मला माहीत होतं. प्रशिक्षणार्थी मुलांना मीच शिकवतो.

म्हणून तीच कड पांढऱ्या प्रकाशाच्या इंटरफेरोमीटरखाली घेतली. तिथे चकतीवरून आणि संदर्भ-आरशावरून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन्ही वाटांची लांबी सारखी होते त्या उंचीलाच फ्रिंजेस ठळक उमटतात आणि दोन-तीन मायक्रॉनच्या अंतरात विरून जातात. कोणती फ्रिंज कोणाची, हा गोंधळ उरत नाही. लेन्स सावकाश वर घेतली. आधी डावीकडे रंगीत पट्टे उजळले. ते फिकटू लागले तशी उजवी बाजू उजळली. आकडा आला 391.

391 वजा 74, 317. लेसरची अर्धी तरंगलांबी 316.4, आणि उंचीतल्या तेवढ्या फरकाला एक फ्रिंज.

बरोबर एक फ्रिंज हरवली होती. कोटिंगवाले कागदावरच्या वजाबाकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं."

स्लिप गेज, म्हणजे अचूक लांबीचे ठोकळे, मोजताना याच धोक्यासाठी एकाहून जास्त तरंगलांब्या वापरतात. ती शिस्त आम्ही पायरीच्या मोजणीत आणली नाही. उलट ऑपरेटरचा कल आकड्याकडे झुकू नये म्हणून त्याला ड्रॉइंगचा आकडा दाखवायचा नाही, असा आमचा नियम. पायरीच्या बाबतीत तो नियम चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. 0.4 समोर असतं तर 74 वर कोणीतरी थबकलं असतं. ग्राहकाकडे तर तो आकडा होता, तरी त्यांनी एक फोन केला नाही. रिपोर्टवर अनिश्चितता ±5 नॅनोमीटर छापलेली होती आणि तेवढं त्यांना पुरलं.

त्याच दिवशी जुना रिपोर्ट रद्द करून नवा दिला आणि ग्राहकाला मी स्वतः फोन केला. लॉट स्वीकारला गेला.

संध्याकाळी जुन्या फायली काढल्या. त्याच यंत्रावर पायरी मोजलेले अकरा रिपोर्ट निघाले, सगळे माझ्या सहीचे. सात चकत्या अजून कपाटात होत्या, त्या पांढऱ्या प्रकाशाखाली पुन्हा मोजल्या आणि त्या बरोबर निघाल्या. चार परत गेल्या आहेत. त्या चारही ग्राहकांना पत्रं गेली, उत्तर एकाचंच आलंय.