मनगटावरचा रुमाल

रात्री साडेअकराला घोडबंदर रोडने घरी येत होतो. नाकाबंदी होती, ब्रेथ अॅनालायझर लावत होते. माझ्या पुढच्या बाईकवरचा पोरगा प्यायलेला निघाला. विशीतला असेल. थोडी हुज्जत घातली, चावी देईना. दोन मिनिटांत हातात बेडी, आणि दुसरं टोक जीपच्या दांडीला.

मनगटावर लाल गंडा होता, बेडी नेमकी त्यावरच. रिक्षातून लोक मोबाईल काढून शूटिंग करत होते आणि तो दुसऱ्या हाताने शर्टाची बाही ओढून बेडी झाकू बघत होता.

पिऊन गाडी चालवणं गुन्हाच आहे, त्यात अटकही होऊ शकते. त्याची बाजू मी घेत नाही. पण बेडी? प्रेम शंकर शुक्ला खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1980 सालीच सांगितलंय की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे, खरंच गरज असेल तर कारण लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला अटक-तपासाचा कायदा) कलम 43(3) खाली बेडीची मुभा आहे, पण ती सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, खून, बलात्कार, दहशतवाद अशा प्रकरणांसाठी.

मी विचारलं, "साहेब, बेडी कशाला?"

"पळाला तर चौकशी माझी लागते," ते म्हणाले. तेही खोटं नाही. माणूस निसटला की आधी शिपायाचीच नोकरी टांगणीला लागते.

शेवटी एक वयस्कर हवालदारकाका आले. काही न बोलता त्यांनी स्वतःचा रुमाल त्याच्या मनगटावर टाकला, मग चावी मागवली. बेडी निघाल्यावर पोरगा ढसाढसा रडला.