सोन्याचा कंपास

जून आला की घरोघरी जुन्या कंपास पेट्या उघडल्या जातात. कोनमापकावरचे आकडे पुसलेले, दोनांतला एक गुण्या बेपत्ता आणि कंपासचा स्क्रू हमखास सैल. तो सैल असला की फिरवता फिरवता पाय फाकतात आणि वर्तुळ निघाल्या जागी परत न येता शेजारून निघून जातं. रुपयाच्या नाण्यानं स्क्रू आवळायचा, शिसाचं टोक सुईच्या बरोबरीला आणायचं. एवढं करूनही चुकलं, तर दोष हाताचा. कर्कटकाचं काय करायचं हे मात्र शाळेत कुणाला शिकवावं लागत नाही; बाकावरची नावं साक्षीला आहेत.

वर्तुळ काढतो तो कंपास, दिशा दाखवतं ते होकायंत्र. मराठीत घोटाळाच नाही. इंग्रजीत तो झाला आणि पुस्तकाच्या कपाळी बसला. इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी आपल्या तीन खंडांच्या कादंबरीमालेला नाव म्हणून कवी मिल्टनच्या काव्यातले ‘गोल्डन कंपासेस’ योजले होते, म्हणजे विश्वाची हद्द आखणारा, वर्तुळ काढणारा कंपास. पुढे त्यांचं मन बदललं, पण अमेरिकन प्रकाशकाला वाटलं की हे नायिकेच्या हातातल्या यंत्राचं नाव. म्हणून पहिला खंड, ब्रिटनमध्ये १९९५ साली आलेलं ‘नॉर्दर्न लाइट्स’ अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’ झालं. खपलंही.

नायिकेचं, म्हणजे लायराचं ते यंत्र दिशा दाखवतच नाही; विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतं. त्याचं नाव अ‍ॅलेथिओमीटर. तबकडीवर ३६ चित्रं, तीन काटे आपण फिरवायचे, चौथा आपला आपण फिरतो. प्रत्येक चित्राला अर्थाखाली अर्थ: जहाजाचा नांगर म्हणजे आधी आशा, मग स्थैर्य, आणखी खाली समुद्र. हेरगिरीला गेलेल्यांचं काय झालं हे विचारायला पोरगी साप, धातू वितळवायची मूस आणि मधाचं पोळं निवडते. लबाडी, त्यातून गाळून निघणारं ज्ञान आणि कष्ट: झाला हेर! काटा थांबतो वाळूच्या घड्याळावर, ज्याच्या माथ्यावर कवटी आहे. विद्वानांना त्यासाठी ग्रंथ चाळावे लागतात, हिला आपसूक दिसतं. तिसऱ्या खंडाच्या शेवटी तेही जातं आणि मग अभ्यासाला बसण्यावाचून गत्यंतर नाही. लेखकानं इथे दया दाखवली नाही, हे उत्तम.

पण ही बालकादंबरी काळोखी आहे ती यंत्रामुळे नव्हे. त्या जगात माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात बाहेर, सोबत वावरतो, आणि उत्तरेतल्या एका ठाण्यावर मुलांपासून तो कापून काढतात. असा कापलेला टोनी नावाचा मुलगा लायराला सापडतो, तेव्हा त्यानं छातीशी एक सुका मासा घट्ट धरलेला असतो. रात्रीत तो मरतो. मोठी माणसं मासा कुत्र्यांना टाकतात.

लायरा संतापते. ज्यानं मासा घेतला त्याच्याकडूनच सुरी मागून घेते, पेन्सिलीसारखी धरते आणि सोन्याच्या नाण्यावर त्या हरवलेल्या जिवाचं नाव कोरते. रॅटर. मग टोनीचे दात उघडून ते नाणं त्याच्या तोंडात ठेवते.