मिकुलोव्हची वारी : आधी टेकडी, मग किल्ला

ब्रेक्लावहून झ्नोइमोच्या गाडीत बसलं की चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण मोराव्हियातलं मिकुलोव्ह येतं. ऑस्ट्रियाची हद्द अगदी लागून. गावाच्या डोक्यावर किल्ला आणि समोर ३६३ मीटरची स्वाती कोपेचेक, म्हणजे पवित्र टेकडी. बहुतेक जण आधी किल्ल्यात शिरतात आणि पाय दुखायला लागल्यावर टेकडीचा नाद सोडतात. म्हणून मी टेकडी आधी धरली.

इथली वारी सप्टेंबरच्या सुरुवातीला, रविवारी. लोरेतोच्या काळ्या मातेची, म्हणजे मेरीची, मूर्ती सेंट व्हात्स्लाव्हच्या चर्चमधून खांद्यावर घेऊन वर नेतात. काळ्या मूर्तीचं आपल्याला काय नवल! १६२२ साली गावात प्लेग आला, तेव्हा कार्डिनल डीट्रिखश्टाइन यांनी संत सेबास्टियनला नवस केला. पटकीला आपली मरीआई, तसा प्लेगला सेबास्टियन; पणजीत फोंतांइन्हशमध्येही त्याचं चॅपल आहे. टेकडीवरच्या सेबास्टियनच्या चॅपलचं बांधकाम १६२३ला सुरू झालं.

चढ सव्वाशे मीटरच्या आसपास, रमतगमत अर्धा तास. वाटेवर क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या टप्प्यांची, छोटी पांढरी चॅपलं, प्रत्येकापाशी दिंडी थांबते. घसरायला होतं ते चुनखडीमुळे. लाखो पावलांनी दगड गुळगुळीत झालाय. पाऊस पडून गेला की साबण लावल्यासारखा. चढताना कळत नाही, उतरताना टाच निसटते. खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच. माथा उघडा, सावली नावापुरती. पाणी गावातच भरून घ्यावं.

उतरल्यावर हुसोवा रस्त्याने ज्यू वस्तीतून किल्ल्याकडे जावं. प्रागचे म्हणून गाजलेले ज्यू धर्मगुरू रब्बी लोव त्याआधी, १५७३पर्यंत, इथेच होते. वस्तीतलं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चुकवू नये, धर्मग्रंथ वाचायच्या मधल्या मंचाभोवतीचे चार खांब छत पेलतात.

किल्ला १९४५च्या एप्रिलमध्ये जळाला. आज दिसतो तो पुन्हा उभारलेला. तळघरात १६४३चं लाकडी पिंप आहे, एक लाखाहून जास्त लिटरचं. रयतेकडून सारा म्हणून येणारी वाइन साठवायला. शेजारी उभं राहिलं की आपण उंदीर वाटतो.

मुक्काम आधीच ठरवावा. वारीच्या मागोमाग द्राक्षकापणीचा उत्सव असतो, तेव्हा गावात खोली मिळत नाही.