रक्तात नेमके काय शोधता?

रक्त किंवा लसीका (लिम्फ) वाहून नेणाऱ्या वाहिन्यांत जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या एमआरआयमध्ये सगळे दिसत असताना रक्तात आणखी काय शोधता, असे मला पालकही विचारतात आणि इतर शाखांतले डॉक्टरही. तुम्हीही तुमच्या बाळाच्या संदर्भात तेच विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

वाहिन्यांचा जन्मजात दोष कोठवर पसरला आहे, हे एमआरआय दाखवतो. पण दिसायला सारख्या असणाऱ्या दोन आजारांतला फरक तो नेहमी सांगू शकत नाही. लसीकावाहिन्या अनेक अवयवांत वाढत जाण्याचा एक आजार तुलनेने संथ असतो. कापोसिफॉर्म लिम्फँजिओमॅटोसिस हा त्याच्याच घराण्यातला, पण छातीत रक्तमिश्रित पाणी साठवणारा, प्लेटलेट घटवणारा आणि अनेकदा जिवावर बेतणारा. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणे, करावी, तर बरगडीचा तुकडा काढल्यावर छातीत पाणी साठतच राहिल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

मग रक्तातून जनुकीय चाचणी का नाही? कापोसिफॉर्म लिम्फँजिओमॅटोसिसमधला एनआरएएस जनुकातील बदल २०१९ मध्ये सापडला. चेहऱ्यावर लाल डाग आणि मेंदूच्या वाहिन्यांत दोष असणाऱ्या स्टर्ज-वेबर आजारातला जीएनएक्यू जनुकातील बदल त्याआधी, २०१३ मध्ये. परंतु हे बदल आईवडिलांकडून आलेले नसतात. ते एखाद्या पेशीत घडतात आणि त्या पेशीच्या वंशापुरतेच राहतात, त्यामुळे रक्ताचा नेहमीचा जनुकीय अहवाल निर्दोष येतो आणि पालकांना उगाच वाटते की काहीच नाही.

म्हणून आम्ही रक्तात जनुक नव्हे, तर आजारी वाहिन्यांनी सोडलेली प्रथिने शोधतो. अँजिओपोएटिन-२ हे त्यांतले महत्त्वाचे. वाहिन्यांच्या अस्तरपेशींत ते साठवलेले असते आणि बाहेर पडले की वाहिनीची स्थिर वीण सैल करते. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की कापोसिफॉर्म आजारात त्याची पातळी खूप वाढते आणि सिरोलिमस हे वाहिन्यांची वाढ आवरणारे औषध सुरू केल्यावर उतरते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग निदानापेक्षा या उतरण्यात आहे, कारण लहान मुलाला पुन्हा पुन्हा भूल देऊन एमआरआय करण्याआधीच औषध लागू पडते आहे का, याचा अंदाज येऊ शकतो.

सगळेच नवे आणि महाग असते असे नाही. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेला डी-डायमर, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा, शिरांच्या विकृतीत वाढलेला आढळतो, कारण तेथे रक्त संथ वाहते, गुठळ्या होतात आणि विरघळतात. गाठ शिरांची की लसीकेची, असा पेच असेल तर वाढलेला डी-डायमर शिरांकडे बोट दाखवतो. तो सामान्य असला म्हणून शिरांची शक्यता मात्र संपत नाही.

अडचणी आहेतच. अँजिओपोएटिन-२ गंभीर जंतुसंसर्गातही वाढते. नवजात बाळाचा डी-डायमर मुळातच प्रौढांपेक्षा जास्त असतो, म्हणून तुलनेला त्याच वयाची निरोगी बाळे हवीत आणि निरोगी बाळाला संशोधनासाठी सुई टोचायला कोण तयार होईल? शिवाय प्लेटलेटमध्ये अँजिओपोएटिन-१ आणि व्हीईजीएफ ही वाहिन्यांवर परिणाम करणारी प्रथिने असतात. नळीत रक्त गोठू दिले की ती सीरममध्ये, म्हणजे गुठळी वेगळी झाल्यावर उरणाऱ्या द्रवात, उतरतात. एका रुग्णालयाने सीरम आणि दुसऱ्याने प्लाझ्मा (रक्त न गोठू देता वेगळा केलेला द्रव) पाठवला, तर आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही. रुग्ण इतके विरळ, की अनेक शहरांतले नमुने एकत्र केल्याशिवाय अभ्यास होत नाही, आणि तेथेच ही चूक महागात पडते.

तुमच्या बाळासाठी वेगळी सुई लागणार का, हा तुमचा दुसरा प्रश्न होता. सिरोलिमसची पातळी मोजायला रक्त घ्यावेच लागते. त्याच वेळी थोडे जास्त घेता येते. पहिला नमुना मात्र औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वीचा हवा. तो नंतर मिळवता येत नाही.